मुलांचं मत, मुलांचं पुस्तक: एका मतपेटीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आज थेट १९५३ सालात जाऊ. अमेरिकेत लहान मुलांच्या पुस्तकांसाठी एक फार मानाचं पदक आहे, न्यूबेरी मेडल. त्या वर्षी स्पर्धेत ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' होतं. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू, त्याला खाटकापासून वाचवणारी शार्लट नावाची कोळीण, जाळ्यात शब्द विणणारी. तुमच्यापैकी कित्येकांनी सिनेमा तरी पाहिला असेल. या पुस्तकाला पदक मिळालं नाही. पदक गेलं ॲन नोलन क्लार्क यांच्या 'सीक्रेट ऑफ द अँडीज'ला. पेरूमधल्या डोंगरात लामांचा कळप राखणाऱ्या एका इंका मुलाची ती गोष्ट. 'शार्लट्स वेब' मागे राहिलं, सन्मानयादीत.

आता मी काही 'परीक्षक मूर्ख होते' असं म्हणणार नाही. सत्तर वर्षांनंतर निकाल माहीत असताना हुशारी दाखवणं सोपं असतं. पण प्रश्न उरतोच ना. पुस्तक मुलांचं, वाचणार मुलं, मग निवडणार कोण? न्यूबेरीत निवडतात मोठी माणसं, म्हणजे ग्रंथपालांची समिती. आजही तसंच आहे. आजचा भाग आहे तो दुसऱ्या वाटेबद्दल. जिथे मुलंच वाचतात, मुलंच मत देतात, आणि जिंकलेल्या लेखकाला पदक मुलांच्या नावाने मिळतं.

आधी न्यूबेरीचं थोडक्यात सांगतो, कारण दुसरी वाट कशाच्या शेजारून निघाली ते कळायला हवं. जॉन न्यूबेरी हा अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक. मुलांसाठी वेगळी पुस्तकं छापून विकता येतात, हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांच्यातला तो एक. १९२१ मध्ये फ्रेडरिक मेल्चर यांनी अमेरिकेतल्या ग्रंथपालांपुढे त्याच्या नावाने पदक सुरू करायची कल्पना मांडली. मेल्चरही पुस्तकव्यवसायातलेच, 'पब्लिशर्स वीकली'चे संपादक. १९२२ मध्ये पहिलं पदक कुणाला? हेन्ड्रिक व्हान लून यांच्या 'द स्टोरी ऑफ मॅनकाइंड'ला. अख्ख्या मानवजातीचा इतिहास! चांगलं पुस्तक आहे हो, पण ते पाहून दहा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल याची मला कल्पना करता येते.

आता जागा बदलू. अमेरिकेचा वायव्य कोपरा. पाऊस, जंगल, लाकूडतोड, सफरचंदाच्या बागा. १९३९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी तेवीस वर्षांची एक तरुणी मुलांच्या विभागात ग्रंथपाल म्हणून रुजू झाली. नाव बेव्हर्ली, आडनाव पुढे क्लिअरी झालं. या बाईंची स्वतःची गोष्ट ऐका. पहिलीत असताना वर्गात वाचनाचे गट पाडले होते, आणि ही सगळ्यात मागच्या गटात. त्या गटाचं नाव होतं ब्लॅकबर्ड. शाळेने तुम्हाला 'कच्चं' ठरवलं की पुस्तकाकडे बघायचीही भीती वाटते, हे तिने स्वतः भोगलं होतं.

याकिमाच्या ग्रंथालयात जवळच्या शाळेतली मुलं यायची. वाचनाचा कंटाळा असलेली, शिक्षकांनी ढकलत पाठवलेली. त्यांनी तिला एक साधी गोष्ट विचारली: आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत? तिने कपाटं धुंडाळली. राजपुत्र होते, अनाथ होते, इंग्लंडमधली दाया असलेली श्रीमंत घरं होती. पण साध्या गल्लीत राहणारी, सायकल चालवणारी, कुत्रा पाळायला आईच्या मागे लागणारी मुलं? नव्हतीच जवळजवळ. पुढे १९५० मध्ये तिने स्वतःच ते पुस्तक लिहिलं, 'हेन्री हगिन्स'. पोर्टलंडमधला एक मुलगा आणि रिब्सी नावाचा त्याचा कुत्रा.

ही बाई आपण जरा बाजूला ठेवू, ती परत येणार आहे.

१९४०, म्हणजे जवळजवळ त्याच काळात, त्याच राज्यातलं सिएटल. तिथे हॅरी हार्टमन नावाचे एक पुस्तकविक्रेते होते. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याला आनंद देणारं पुस्तक स्वतः निवडायची संधी मिळायला हवी. 'आनंद' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यांच्या कल्पनेतून आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट लायब्ररी असोसिएशनच्या कामातून 'यंग रीडर्स चॉइस अवॉर्ड' सुरू झालं. अमेरिका आणि कॅनडा मिळून पाहिलं तर मुलांच्या मतांवर ठरणारा हा सगळ्यात जुना पुरस्कार. आणि एक छान गोष्ट म्हणजे तो पहिल्यापासून सीमेच्या दोन्ही बाजूंचा. अमेरिकेतली वायव्येकडची राज्यं आणि शेजारचा कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया, सगळ्यांची मिळून एक निवडणूक.

यात दुकानदाराचा स्वार्थ नव्हता का? असणारच. मुलांना पुस्तक आवडलं की दुकानात खप वाढतो. पण मघाशी पाहिलंत ना, न्यूबेरी दुकानदार, मेल्चर व्यवसायातले, हार्टमन दुकानदार. बालसाहित्याचा हा सगळा इतिहास धंदेवाईक माणसांच्या चांगल्या कल्पनांनी भरलेला आहे. मला त्यात वावगं काही दिसत नाही.

पहिल्या वर्षी मुलांनी काय निवडलं? डेल मॅक्कॉर्मिक यांचं 'पॉल बन्यन स्विंग्ज हिज ॲक्स'. पॉल बन्यन म्हणजे अमेरिकन लोककथांमधला अवाढव्य लाकूडतोड्या, त्याच्याबरोबर एक निळा बैल. थापा, थापा आणि थापा. ज्यांचे वडील आणि काका खरंच जंगलात कुऱ्हाड चालवायचे, त्या मुलांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. मानवजातीचा इतिहास एकीकडे आणि निळा बैल दुसरीकडे. दुसऱ्या वर्षी, १९४१ मध्ये, 'मिस्टर पॉपर्स पेंग्विन्स'. घरं रंगवणाऱ्या एका गरीब माणसाच्या घरी पेंग्विन येऊन राहतात ती गोष्ट. याच पुस्तकाला १९३९ मध्ये न्यूबेरीच्या समितीने पदक न देता सन्मानयादीत ठेवलं होतं. मुलांनी त्याला पहिल्या नंबरावर आणलं.

आता नियम. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, सांभाळून घ्या.

समजा तुम्ही एक ॲप बनवलंत, मुलांनी पुस्तकाला मत द्यायचं. पहिल्याच आठवड्यात काय होईल? ज्याचं मुखपृष्ठ भारी त्याला मतं. मित्राने सांगितलं म्हणून मतं. न वाचता पाच तारे देणारे मोठे लोक आपण रोज बघतोच की. सिएटलच्या त्या पुरस्काराने यावर साधा उपाय ठेवला आहे: यादीतली किमान दोन पुस्तकं वाचली असतील तरच मत. टेक्ससमध्ये १९७९ मध्ये 'ब्लूबॉनेट अवॉर्ड' सुरू झालं, तिथे अट आणखी कडक. तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी वीस पुस्तकांची यादी, त्यातली किमान पाच वाचल्याशिवाय मत नाही. पाचच का? तर एक पुस्तक वाचलं की फक्त आवडलं किंवा नाही आवडलं एवढंच कळतं. दोन वाचली की तुलना सुरू होते. पाच वाचली की मूल भांडायला लागतं, 'छे, त्याच्यापेक्षा हे भारी'. आणि वाचनाबद्दल भांडणारं मूल म्हणजे काम फत्ते. पुरस्कार कुणाला मिळतो हा खरं तर दुय्यम भाग आहे. मत द्यायला मिळावं म्हणून झालेलं वाचन, हीच या सगळ्या यंत्रणेची कमाई.

दुसरा नियम मला जास्त आवडतो. सिएटलवाल्या पुरस्कारात ताजी पुस्तकं घेत नाहीत, तीन वर्षांपूर्वी प्रकाशित झालेली घेतात. वरवर पाहता विचित्र वाटतं. पण विचार करा. एका शाळेत 'अ' पुस्तक चाळीस मुलांच्या हाती पडलं आणि त्यातल्या बारांना ते सगळ्यात जास्त आवडलं. 'ब' पुस्तकाची एकच प्रत, ती जेमतेम दहा जणांनी वाचली, पण नऊ जण त्याच्या प्रेमात. मतमोजणीत कोण जिंकलं? 'अ', बारा विरुद्ध नऊ. म्हणजे पुस्तक किती आवडलं याच्याबरोबर किती हातांत पोचलं हेही मोजलं जातं. हा दोष पूर्ण जात नाही. पण तीन वर्षं थांबलं की स्वस्त आवृत्ती येते, ग्रंथालयांत प्रती जमतात, आणि जाहिरातीचा धुरळाही खाली बसतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नव्या व्हर्जनवर लगेच उडी मारत नाही ना, तसंच काहीसं.

चला, कॅन्ससला. शेतीचं राज्य, सपाट, दूर दूर पसरलेली गावं. तिथे रूथ गार्व्हर गॅग्लियार्डो नावाच्या बाई राज्याच्या शिक्षक संघटनेत ग्रंथालयसेवेचं काम बघायच्या. मुलांच्या पुस्तकांचं प्रदर्शन घेऊन गावोगाव फिरवणं हे त्यांच्या कामातलंच. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एम्पोरिया गावातल्या शिक्षक महाविद्यालयात 'विल्यम ॲलन व्हाइट चिल्ड्रन्स बुक अवॉर्ड' सुरू झालं. अख्ख्या एका राज्यातल्या मुलांनी मत देऊन ठरवायचा अमेरिकेतला हा पहिला पुरस्कार.

नाव ज्यांचं दिलं ते विल्यम ॲलन व्हाइट हे याच गावच्या 'एम्पोरिया गॅझेट'चे संपादक. छोट्या गावचा पेपर, पण देशभर वाचला जायचा. १९२३ मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं ते विचारस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या अग्रलेखासाठी. १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या विरोधात ते राज्यपालपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि हरले. हेही लक्षात ठेवा.

१९५३ च्या पहिल्या निवडणुकीत कॅन्ससच्या मुलांनी निवडलं 'एमॉस फॉर्च्युन, फ्री मॅन', एलिझाबेथ येट्स यांचं. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या आणि पुढे स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेल्या एका खऱ्या माणसाचं चरित्र. आणि याच पुस्तकाला १९५१ मध्ये न्यूबेरी मिळालं होतं! म्हणजे मुलं एक म्हणतात आणि मोठे दुसरंच म्हणतात, हा जो सोपा सिनेमा मी मघापासून तुम्हाला दाखवतोय, तो काही पूर्ण खरा नाही. 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स'ला १९६१ चं न्यूबेरी आणि १९६३ चं कॅन्सस, दोन्ही. मधल्या वर्षांत मात्र मुलांनी आपला रंग दाखवलाच. १९५४ मध्ये शर्यतीच्या घोड्याची गोष्ट, १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनमधल्या गाढवाची, १९५९ मध्ये 'ओल्ड येलर', म्हणजे कुत्र्याची. प्राणी पुस्तकात आला की अर्धं मतदान तिथेच संपलं.

पण एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. सिएटलच्या दुकानदाराचा शब्द होता 'आनंद'. कॅन्ससच्या पुरस्काराच्या उद्देशात आलं 'चांगली पुस्तकं' वाचणं. मग चांगलं कोणतं हे कोण ठरवणार? यादी करणारी समिती. म्हणजे मोठी माणसं. मत मुलांचं, पण मतपत्रिका छापणार आपण.

हे मला फार ओळखीचं वाटतं. माझ्या शाळेत पुस्तकांचं काचेचं कपाट होतं. त्याला कुलूप होतं, आणि महिन्यातून एकदा बाई प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक ठेवायच्या. कुणाला कुठलं, ते त्या ठरवणार. निवडायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्यामानाने यादीतून निवडणं हे बरंच पुढचं पाऊल आहे. तरी यादी ही यादीच.

हा प्रश्न २०१७ मध्ये कॅन्ससमध्येच उफाळून आला. विल्यम ॲलन व्हाइट पुरस्काराच्या यादीत ॲलेक्स जिनो यांचं 'जॉर्ज' हे पुस्तक होतं, एका ट्रान्सजेंडर मुलीची गोष्ट. विचिटा शहराच्या शाळा प्रशासनाने यादीतली पुस्तकं शाळांसाठी घेताना हे वगळलं. कुणाला ते योग्य वाटेल, कुणाला नाही. त्यावर वाद घालायला हा भाग नाही. मी फक्त यंत्रणेकडे बघतोय. पुरस्कार त्या संपादकाच्या नावाचा, ज्याला विचारस्वातंत्र्याच्या अग्रलेखासाठी पुलित्झर मिळालं. समितीने पुस्तक यादीत घेतलं. आणि मुलांच्या मतपेटीपर्यंत पोचायच्या आधी ते खरेदीच्या टप्प्यावर अडलं. मघाचं 'अ' आणि 'ब' पुस्तकाचं गणित आठवा. एखादं पुस्तक हरवायचं असेल तर मतांमध्ये फेरफार करायची गरजच नसते, प्रती कमी ठेवल्या की झालं.

आणि मुलांची पसंतीही काळाच्या कचाट्यातून सुटत नाही. १९५० मध्ये वायव्येच्या मुलांनी डॉ. स्यूस यांचं 'मॅकएलिगॉट्स पूल' निवडलं होतं. २०२१ मध्ये डॉ. स्यूस यांच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेनेच ते आणि त्यांची आणखी पाच पुस्तकं छापणं थांबवलं, वेगवेगळ्या समाजांची चित्रं अपमानकारक आहेत म्हणून. मुलांनी निवडलं म्हणजे ते निरागस आणि कायमचं बरोबर, असं काही नसतं.

अमेरिकेबाहेर ही कल्पना कशी पसरली ते भराभर सांगतो. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये फेडरेशन ऑफ चिल्ड्रन्स बुक ग्रुप्सने मुलांच्या मतांवरचा पुरस्कार सुरू केला. रोआल्ड डाल यांचं 'बीएफजी' तिथे जिंकलं आणि पुढे 'माटिल्डा'ही. नेदरलँड्समध्ये १९८८ पासून 'किंडरज्युरी', म्हणजे सरळ मुलांची ज्युरी. कॅनडाच्या ओंटारिओमध्ये १९९४ पासून 'सिल्व्हर बर्च', त्यातून पुढे 'फॉरेस्ट ऑफ रीडिंग' नावाचं मोठं कुटुंब वाढलं. तिथे टोरंटोत निकालाचा जो सोहळा होतो, त्यात लेखक मंचावर आला की मुलं क्रिकेटच्या मॅचसारखी ओरडतात.

सगळ्यात झकास नाव मात्र फ्रेंचांचं. १९८८ मध्ये लेखिका फ्रांस्वाज झेनाकिस यांच्या पुढाकाराने तिथे 'प्री देझ आंकॉरुप्तिब्ल' सुरू झालं. अर्थ काय, तर 'ज्यांना लाच देता येत नाही त्यांचा पुरस्कार'. म्हणजे मुलांचा! मोठ्यांच्या साहित्यिक पुरस्कारांबद्दल फ्रान्समध्ये जी कुजबूज चालते, तिला मारलेला हा मस्त टोमणा. तिथे मुलं तीन गोष्टी कबूल करतात: यादीतली सगळी पुस्तकं वाचीन, माझं मत मी स्वतः बनवीन, आणि आवडलेल्या पुस्तकाला मत देईन. दोन नाही, पाच नाही, सगळी.

आपल्याकडे? साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, मराठीलाही मिळतो. निवडतात मोठी माणसं. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी शाळांमध्ये पुस्तकं बाहेर निघतात, फोटो काढले जातात, आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी परत आत जातात. ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असेल, किंवा कुणाचं धाकटं भावंडं सहावी-सातवीत असेल, तर वर्गापुरती ही निवडणूक करून बघायला काहीच हरकत नाही. पाच पुस्तकं, प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर तर मराठी गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात. किमान दोन वाचल्याशिवाय चिठ्ठी नाही. मत गुप्त. आणि यादीत एक तरी पुस्तक मुलांनी सुचवलेलं, भले ते तुम्हाला फालतू वाटो.

आता त्या याकिमाच्या ग्रंथपाल बाई. हेन्री आणि त्याच्या कुत्र्यावरच्या 'हेन्री अँड रिब्सी'ला वायव्येच्या मुलांनी १९५७ मध्ये निवडलं. १९६० मध्ये 'हेन्री अँड द पेपर रूट'. ज्या भागातल्या मुलांनी विचारलं होतं की आमच्यासारख्यांची पुस्तकं कुठे आहेत, त्याच भागातल्या मुलांनी मतं देऊन सांगितलं की ही घ्या, ही आमची. १९६८ मध्ये कॅन्ससच्या मुलांनीही त्यांच्या 'द माउस अँड द मोटरसायकल'ला निवडलं. आणि मोठ्यांचं न्यूबेरी? ते बेव्हर्ली क्लिअरी यांना 'डिअर मिस्टर हेन्शॉ'साठी मिळालं १९८४ मध्ये. पहिल्या पुस्तकानंतर ३४ वर्षांनी. २०२१ मध्ये त्या गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन. त्यांचा वाढदिवस १२ एप्रिल, त्या दिवशी अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांमध्ये हातातलं सगळं काम टाकून वाचायचं असतं, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत.

जाता जाता व्हरमाँटचं एक. तिथला मुलांचा पुरस्कार १९५७ पासून लेखिका डोरोथी कॅनफिल्ड फिशर यांच्या नावाने होता. काही वर्षांपूर्वी त्यांचा वंशशुद्धीच्या चळवळीशी असलेला संबंध चर्चेत आला आणि राज्याच्या ग्रंथालय विभागाने नाव बदलायचं ठरवलं. नवं नाव काय ठेवायचं? मुलांनाच विचारलं, मतदान घेतलं. राजधानीतल्या विधानभवनावर सोनेरी घुमट आहे, त्यावरून पुरस्काराचं नाव पडलं 'गोल्डन डोम'.

भेटू पुढच्या भागात.